गिरणीवाल्याच्या घरातलं जातं

गिरणीवाला ओळखायचा असेल तर त्याच्या कानामागे बघावं. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो लग्नाला आला तरी तिथं पीठ असतंच. जिंतूरहून येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि तिथं सतरा वर्षांपासून माझी पिठाची गिरणी आहे. सकाळी मी काळा जातो आणि दुपारी जेवायला पांढरा येतो. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. बायको म्हणते, "तुमी म्हातारपणी कसे दिसताल ते मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं."

आम्हाला एकच मुलगी. शाळा सुटली की ती दप्तरासकट गिरणीत यायची, गव्हाच्या पोत्यावर बसायची आणि लाकडी फळीवर साचलेल्या पिठात बोटानं चित्रं काढायची. गिरणी चालू असली की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या दोघांच्या खुणा ठरलेल्या होत्या. पोटावर हात म्हणजे भूक लागली, कानाला हात म्हणजे आई बोलावते. पोटावर हात ती फार कमी वेळा ठेवायची.

नऊ वर्षांची झाली तरी ती सहाची दिसायची. हातापायांच्या काड्या, पोट मात्र पुढं. वरचेवर पोट बिघडायचं. आम्ही जंताचं औषध दिलं, टॉनिकच्या बाटल्या संपवल्या, दर शनिवारी दृष्ट काढली. रक्तवाढीच्या गोळ्यांनी रक्त काही वाढेना. शेवटी मी माझ्या धंद्याचं डोकं लावलं. सगळ्या गावाचा गहू माझ्या हाताखालून जातो, कुणाचा दाणा कसा आहे हे माझ्या बोटांना कळतं. म्हटलं, पोरीला कस पाहिजे. एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून बन्सी गहू घेतला, बारीक दळला आणि रोज दोन वेळा तूप लावून पोळी, वर गूळ घालून मलिदा. ती नको म्हणायची, मी समोर बसून खायला लावायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

एक दिवस शाळेतून निरोप आला. मैदानावर पळता पळता ती खाली बसली होती, ओठ पांढरे पडले होते आणि धाप थांबत नव्हती. आम्ही तिला घेऊन परभणी गाठली.

तिथल्या मुलांच्या डॉक्टर मॅडमनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. डॉक्टरनं नळी पटकन काढली की आपल्याला बरं वाटतं. जितका वेळ ती छातीवर राहील तितका आपला जीव खाली खाली जातो. मग हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदय हवं त्यापेक्षा मोठं झालं होतं आणि रक्त ढकलायची त्याची ताकद कमी पडत होती. मी विचारलं, एवढ्याशा लेकराला हे कशानं? मॅडम म्हणाल्या, तेच शोधायचं आहे. रक्त तपासलं, नंतर दुर्बीण घालून आतडं तपासलं.

शोध लागला त्या दिवशी मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. "हिला सीलिॲक नावाचा आजार आहे. कणीक मळली की ती ताणली जाते ना, ते गव्हातल्या एका चिकट पदार्थामुळं. तो पदार्थ हिच्या शरीराला चालत नाही. त्यानं आतडं आतून झिजलंय, त्यामुळं खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त वाढत नाही. सगळ्याच मुलांच्या हृदयापर्यंत हे जात नाही, पण हिच्या गेलंय असं दिसतंय. हृदयासाठी गोळ्या देते. पण खरं औषध एकच, गहू बंद. पूर्ण आणि कायमचा. मग हृदय सावरण्याची चांगली आशा आहे. असंच चालू राहिलं तर मात्र मी काही सांगू शकत नाही."

मग त्यांनी कागद भरता भरता विचारलं, "तुम्ही काय करता?"

"पिठाची गिरणी हाय, मॅडम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बायको माझ्याकडं बघत होती आणि मी माझ्या हातांकडं.

खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं. आम्ही ज्वारीची माणसं. पोळी घरात आली ती मागच्या पिढीत, तीही सणावारापुरती. पोरीला भाकरी द्यायची, एवढंच ना? रवा, मैदा, बिस्किटं, शेवया, कुरडया, सगळं बंद झालं. हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ असतं असं मॅडमनी सांगितलं, तर बायकोनं ती डबी त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली. तवा नवा, काठवट नवी. आम्ही दोघांनीही पोळी सोडली. मुलीच्या वर्गात जाऊन बायको सांगून आली की हिला कुणी डब्यातलं द्यायचं नाही. देवळातल्या शिऱ्याच्या प्रसादावरून एका मावशीनं तोंड वाकडं केलं, "गव्हानं कुठं काळीज बिघडतंय व्हय गं?" बायको म्हणाली, "आमच्या लेकराचं बिघडलंय, मावशी. तुमी तेवढी साखर द्या." मावशीनं साखर दिली.

सहा महिने असे गेले. पोरगी जरा हसू लागली, पोट थोडं आत गेलं. मी गावभर सांगत सुटलो की आता बघा, पुढच्या वेळी डॉक्टरच चाट पडतात की नाही.

पुढच्या वेळी चाट पडायची पाळी माझी होती. वजन नावापुरतं वाढलं होतं. हृदय जरा सुधारलं होतं, पण मॅडमना हवं होतं तेवढं नाही. आणि रक्ताच्या तपासणीत दिसत होतं की गहू अजून पोटात जातोय. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एकेक गोष्ट विचारली. तेल, मसाला, शाळेतली खिचडी, पापड. सगळ्याला बायकोनं नीट उत्तरं दिली. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हिची ज्वारी तुमच्याच गिरणीत दळता. पण वेगळी दळता ना?"

"हो मॅडम," मी म्हणालो. "एकदम वेगळी."

आता इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. गिरणीच्या पोटात नेहमी मागच्या माणसाचं थोडं पीठ राहतं. गव्हावर ज्वारी दळायची असली की गिऱ्हाईक बजावतं, आमच्यात गहू येऊ द्यायचा नाही हं. मग मी आधी ओंजळभर ज्वारी सोडतो, ते पीठ बाजूला काढतो आणि पुढं खरं दळण घालतो. याला आम्ही गिरणी धुणं म्हणतो. पोरीचं दळण मी असंच धुऊन दळत होतो, उलट एकीऐवजी दोन ओंजळी सोडत होतो. सतरा वर्षं मी लोकांना सांगत आलो की असं धुतलं की गिरणी आरशासारखी होते. इतकी वर्षं एखादी गोष्ट सांगितली की आपला स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसतो.

परतीच्या एसटीत मुलगी आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपली होती. बोरी गाव आलं तेव्हा बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "एकादशीच्या आदल्या दिवशी तुमी काय करता?"

काय करतो ते तिला ठाऊक होतं. एकादशीला गावातल्या बायका भगर आणि साबुदाणा दळायला आणतात. उपासाच्या पिठात गव्हाचा कण जरी गेला तरी उपास मोडतो, म्हणून आदल्या दिवशी मी पूर्ण गिरणी खोलतो. वरचा दगड उचलतो, ब्रशनं झाडतो, पीठ पडायच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही बदलतो. अर्धा दिवस जातो त्यात. आषाढीला तर मी स्वतःही उपाशी राहून हे करतो.

"देवाच्या उपासाला गिरणी खोलता," ती म्हणाली. "आन पोरीला दोन ओंजळी."

तिचा आवाज चढला नव्हता. शेजारच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल. मला मात्र त्या गाडीतून उतरून जिंतूरपर्यंत पायी जावंसं वाटलं. लाज वाटली, आणि लाजेच्या आधी राग आला, तोही तिचाच. माझ्या गिरणीत खोट आहे असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

राग होता म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला खोटं पाडायला निघालो. गिऱ्हाइकांना दुपारनंतर या म्हणून सांगितलं. हरभऱ्याची डाळ दळली, पिवळंजर्द बेसन निघालं. मग पोरीच्या दळणाआधी सोडायचो तशा दोन ओंजळी ज्वारी सोडून गिरणी धुतली आणि पुढं पांढरीशुभ्र ज्वारी घातली. बायको ओळीनं वाट्या घेऊन बसली होती. एकेक वाटी भरायची, त्यात पाणी घालायचं आणि पीठ कालवायचं. पहिली वाटी पिवळी. दुसरी पिवळी. पाचवी लिंबाच्या सालीसारखी. नववी वाटी मला पांढरी दिसली, पण तिनं ती उजेडात धरली आणि बोटानं पीठ पसरलं. पिवळे ठिपके होतेच.

"खोला," ती म्हणाली.

मी एकादशीसारखी गिरणी खोलली. ब्रश मारला, बाही बदलली, फडक्यानं पुसली, परत जोडली. पुन्हा ज्वारी, पुन्हा वाट्या. आता ठिपके शोधावे लागत होते, पण सापडत होते. दगडाला टाकी मारून ज्या खाचा आपण पाडतो, त्या खाचांच्या तळात पीठ घट्ट बसून राहतं. टाकी मारणारा मीच, खाचा माझ्याच. मनात आलं, इतकी वर्षं गावानं उपास म्हणून काय काय खाल्लं असेल. पण ते देवाचं देवानं बघून घ्यावं. माझ्यासमोर एका लेकराचं काळीज होतं आणि त्यात मीच रोज चिमूट चिमूट गहू घालत होतो.

मी तिथंच पोत्यावर बसलो. अंगावरचा शर्ट झटकला तर ढग उठला. मग तेही लक्षात आलं. रोज दुपारी हा ढग घेऊन मी घरी जायचो, तिच्या ताटाशेजारी जेवायला बसायचो, तिला जवळ घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन लावला तर त्या म्हणाल्या, घरघंटी घ्या, म्हणजे घरातली छोटी चक्की. गिरणीवाल्याला घरघंटी घे म्हणणं म्हणजे सवतीला हळदीकुंकवाला बोलवायला सांगण्यासारखं आहे. जिंतुरात घरोघरी त्या आल्यापासून तिथल्या निम्म्या गिरण्या बंद पडल्या. पण खरं कारण ते नव्हतं. बंद पेटीत पीठ कुठं कुठं दडतं हे मी आदल्याच दिवशी बघितलं होतं. मला असं काहीतरी पाहिजे होतं, जे पूर्ण उघडं असेल आणि ज्याचा कोपरा न् कोपरा मला डोळ्यांनी दिसेल.

जिंतूरच्या बाजारात पाटे-वरवंटे विकायला बसणाऱ्या एका बाईकडं मी गेलो. तिच्याकडं हातानं दळायची दोनच जाती होती. मी दगडांवर बोटं फिरवली, टिचकी मारून आवाज ऐकला, वरचा दगड फिरवून बघितला.

"लय पारख करायलाव, भाऊ," ती म्हणाली. "लग्नाला पायजे का? हळद दळायला?"

"न्हाई. रोज दळायला."

"घरात गिरणी न्हाई का?"

"गिरणी हाय, म्हणून तर पायजे," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं, मग माझ्या कानांकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

नव्या दगडाची कच निघून जावी म्हणून सुरुवातीला ज्वारी दळून दळून फेकली. तेवढी ज्वारी आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांनी खाल्ली आणि त्या बहुतेक अजून माझं नाव काढतात. मग माझा दिनक्रम बदलला. सकाळी उठायचं, डोक्यावरून अंघोळ करायची आणि गिरणीत पाऊल टाकायच्या आधी जात्यावर पोरीचं त्या दिवसाचं दळायचं. दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीचा मालक मी, खुंटा धरून बसलो तर पहिल्याच आठवड्यात हाताला फोड आले, खांदा भरून आला. मुलगी समोर बसून मुठीनं घास घालायची. कधी तीही खुंटा धरायची, पण दोन फेऱ्यांत दमायची आणि मग मी मुद्दाम तिच्याआधी दमायचो.

गावाला फुकटचा तमाशा मिळाला. आमच्या घरावरून जाणारी माणसं घरघर ऐकून थांबायची. "काय शेठ, गिरणी इकली का काय?" एकानं तर चौकात सांगितलं की लाईट बिल थकलंय म्हणून बाप्या जात्यावर दळायलाय. एक म्हातारी भिंतीला टेकून उभी राहिली, बराच वेळ माझं दळणं बघितलं आणि म्हणाली, "हात सैल धर बाबा. दगडासंग भांडू न्हाई." तिच्या सांगण्यानं खांदा खरंच सुटला.

गिरणीच्या मागं मी पाण्याची टाकी बसवली, पत्र्याचा आडोसा केला. दुपारी तिथं अंघोळ, तिथंच कपडे बदलायचे, मगच घर. दुपारी बाराला उघड्या पत्र्याआड गाणी म्हणत अंघोळ करणारा गिरणीवाला पंचक्रोशीत मी एकटाच असेन.

या सगळ्याची मजा वाटायची. एकच गोष्ट जड गेली. मुलीला मी गिरणी बंद केली. तिला समजावून सांगितलं, ती हो म्हणाली. पण शाळा सुटली की तिचे पाय सवयीनं तिकडंच वळायचे. मग ती रस्त्याच्या पलीकडं टेलरच्या ओट्यावर बसायची आणि मी अलीकडं गिरणीच्या दारात. मधून ट्रॅक्टर जायचे, एसटी जायची. आमच्या खुणा चालायच्या. एकदा तिनं दोन्ही हात पसरले. ही खूण आमच्यात ठरलेली नव्हती, पण मला कळली. मी पिठानं भरलेला होतो. मान हलवून नाही म्हणालो आणि आत जाऊन उगाच पट्टा ताणत बसलो.

त्या हिवाळ्यात राणीसावरगावला मेहुणीच्या शेतात येळवस होती. पौषाच्या आधीच्या अमावस्येला आमच्याकडं सगळे शेतात जेवतात. बाजरीचे वाफवलेले उंडे, ज्वारीची आंबील, कोवळ्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी. ताटात गहू कुठंच नाही. तरी बायकोनं जात्यावर दळलेल्या बाजरीचा आणि ज्वारीचा असे दोन डबे बरोबर घेतले आणि बहिणीला सांगितलं की लेकराचं याच पिठाचं कर. मेहुणी आधी फुगली, मग तिनं सगळ्यांचेच उंडे आणि आंबील त्या पिठांची केली. त्या दिवशी माझी मुलगी पहिल्यांदा पंगतीत सगळ्यांसारखं जेवली. पोटावर हात ठेवून तिनं दुसऱ्यांदा उंडा मागितला, तेव्हा बायको पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीकडं गेली आणि बराच वेळ आली नाही.

तपासणीचा दिवस आला. हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्ताचा कागदही आला आणि आम्ही मॅडमसमोर बसलो. त्यांनी पाकीट उघडायच्या आधी मी म्हणालो, "मॅडम, मागच्या बारीला मी तुमच्याशी खोटं बोललो. दळण वेगळं नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. आणि आता?"

मी जात्याचं सांगितलं. वाट्यांचं सांगितलं. त्यांनी माझे तळहात बघायला मागितले आणि घट्टे बघून त्या हसल्या. मग त्यांनी कागद वाचला, हृदयाचे फोटो उजेडात धरले, मागचे फोटो काढून शेजारी ठेवले. मला पुन्हा तेच झालं, जितका वेळ त्या बघत होत्या तितका माझा जीव खाली जात होता.

"हृदय मापात आलंय," त्या म्हणाल्या. "ताकद जवळपास पूर्ण परतली. रक्तातला गव्हाचा आकडाही उतरलाय. गोळ्या हळूहळू कमी करू. गहू मात्र कधीच नाही."

मुलीनं विचारलं, "मी पळू का?"

"पळ," मॅडम म्हणाल्या. "दमलीस तर थांब. पण पळ."

परभणीच्या स्थानकात आलो तर जिंतूरची गाडी लागत होती आणि तिच्यामागं सगळी गर्दी धावत होती. त्या गर्दीत माझ्या हातातली पिशवी ओढून घेऊन मुलगी सुसाट निघाली. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "पळू नको, पळू नको." बायकोनं माझा दंड धरला.

"पळू द्या," ती म्हणाली.

लोकांच्या पिशव्यांखालून, कोपरांखालून ती गाडीत शिरली, दिसेनाशी झाली. मग मधल्या एका खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं. एका बाकावर स्वतःचा रुमाल आणि दुसऱ्यावर माझी पिशवी टाकून तिनं आम्हा दोघांच्या जागा धरल्या होत्या. चेहरा लाल झाला होता, ओठही लाल होते.

"पप्पा, या की," ती ओरडली. "किती हळू चालायलाव तुमी."

मी मुद्दामच हळू चालत होतो. डोळे पुसायला मला तेवढा वेळ पाहिजे होता.